कुलाबा किनाऱ्यावरील युद्धोत्तर साहित्य व राजकारण

दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपासून (१९४५) महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपर्यंत (१९६०) पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड जिल्हा) किनारपट्टीत साहित्य व राजकारण यांचा निकटचा संबंध आला. मराठी वाङ्‌मयेतिहासात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. कादंबरी वा काव्यसंग्रह यांपेक्षा वृत्तपत्र, शाहिरी आणि लोकनाट्य यांच्याद्वारे तो आला, हे त्याचे प्रमुख कारण होय.

या संबंधाची पूर्वपीठिका कुळांच्या लढ्यात आहे. खोत व सावकार यांच्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी संप पुकारण्यात आला. पंचवीस गावांतील कुळांनी जमिनी कसण्याचे नाकारले आणि १९३९ पर्यंत हालअपेष्टा सोसल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याविषयीचे विधेयक मांडले. त्याच वर्षी पाटलांनी कृषीवल हे पत्र काढले. साक्षरता अत्यल्प असलेल्या वर्गाने स्वतःचे मुखपत्र चालवावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. छापील ललित साहित्यात मात्र या संपाला फारसे स्थान मिळाले नाही. याच जिल्ह्यात खोपोलीच्या परिसरात राहिलेल्या र. वा. दिघे यांनी पाणकळा (१९३९), सराई (१९४३) या कादंबऱ्यांत शेतकऱ्याला नायकत्व दिले. परंतु त्यांचा ओढा अद्‌भुतरम्यतेकडे अधिक असल्याने खंड व कर्ज यांचा रोकडा हिशेब तेथे मागे पडतो.

महायुद्धानंतर दोन प्रश्न एकाच वेळी पुढे आले. पहिला भाषेचा. मे १९४६ मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्यसंमेलनाने मराठी भाषकांच्या एकसंध राज्याचा ठराव केला. एखाद्या साहित्यसंमेलनाने राजकीय चळवळीला आरंभ करून द्यावा, असा हा विरळा प्रसंग. दुसरा प्रश्न जमिनीचा. कूळ कायदा (१९४८) व खोती नष्ट करणारा कायदा (१९४९) संमत झाले, तरी कुळाच्या हाती जमीन सहजासहजी आली नाही. १९४८ मध्ये काँग्रेसबाहेर पडलेल्या शेतकरी कामगार पक्षाने हा प्रश्न उचलला. नारायण नागू पाटील या पक्षात आले व कृषीवल त्याचे मुखपत्र बनले.

बेळगावचा ठराव सुशिक्षितांच्या भाषेत होता; भातखाचरे व मिठागरे यांच्या प्रदेशात तो पोहोचला तो शाहिरांमुळे. किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्या व गोदींत कामास होते. लाल बावटा कलापथकाचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचा प्रेक्षक तोच होता. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मुंबईस गेलेल्या कामकऱ्याचा विरह हे अपुऱ्या राहिलेल्या महाराष्ट्राचे रूपक झाले आहे. ज्या घरातील माणूस दरवर्षी बोटीने मुंबईस जात असे, तेथे हे रूपक समजावून सांगण्याची गरज नव्हती. अशा रचनांवर प्रचारकीपणाचा आक्षेप घेतला जातो. तो काही प्रमाणात खरा आहे. पण विरहाची जुनी लावणी राजकीय आशयासाठी वापरताना तिच्यातील विरह खोटा ठरू न देणे, हे प्रचारकाचे काम नव्हे.

प्रस्थापित साहित्यपरंपरेचा वारसा चिं. द. देशमुख यांच्याकडे होता. रायगड किल्ल्याजवळील नाते येथे जन्मलेले व रोह्याशी कौटुंबिक संबंध असलेले हे अर्थतज्ञ संस्कृतात कविता करीत. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी पद्यानुवाद केला. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून जुलै १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्यापूर्वीच, फेब्रुवारी १९५६ मध्ये, पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती व शेतकरी कामगार पक्ष तीत सामील होता. त्यामुळे भाषा व जमीन हे दोन्ही प्रश्न कुलाब्यात एकाच व्यासपीठावर आले. १९५७ मध्ये देशमुखांच्या मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत विजयी झाले. राज्यस्थापनेनंतर, १९६२ मध्ये, ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. १९६७ मध्ये ती शेतकरी कामगार पक्षाने परत मिळविली.