लोहाराचे घराणे : नाव, नोंद आणि रक्त

इंग्रजी भाषिक जगात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव 'स्मिथ' हे होय. अमेरिकेच्या 2010 सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणारांची संख्या 24 लाखांहून अधिक भरली. ब्रिटनमध्येही त्याचा क्रम पहिलाच आहे. स्मिथ म्हणजे लोहार. साहजिकच हे आडनाव लावणाऱ्या पुष्कळांना आपला मूळपुरुष असलेला तो लोहार कोण, कोणत्या गावचा, याची जिज्ञासा असते. पूर्वी अशा शोधास जुन्या दप्तरांखेरीज दुसरे साधन नव्हते. सन 2000 च्या सुमारास गुणसूत्रांच्या तपासणीचे दुसरे साधन उपलब्ध झाले, आणि दप्तराने जेथे हात टेकले तेथून पुढे गुणसूत्र नेईल, अशी अपेक्षा उत्पन्न झाली. ही अपेक्षा अंशतःच फलद्रूप झाली आहे. याचे कारण असे की, ही दोन साधने एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत. नाव कोणी लावले आणि ऐरण कोणाच्या ताब्यात गेली हे दप्तर सांगते. जन्म कोणापासून झाला हे गुणसूत्र सांगते. नाव, धंदा आणि रक्त ही तिन्ही पिढ्यानुपिढ्या एकाच वाटेने चालत आली असतील असे गृहीत धरले की शोधाची दिशा चुकते.

प्रथम शब्दाचाच विचार करू. प्राचीन इंग्रजीतील 'स्मिथ' या शब्दाचा अर्थ आजच्याइतका संकुचित नव्हता. हाताने वस्तू घडविणारा कारागीर, विशेषतः धातूचा, असा तो व्यापक होता. मध्ययुगीन कारकून दप्तर लॅटिनमध्ये लिहीत आणि अशा कारागिराच्या नावापुढे 'फाबेर' असे पद लावीत. परंतु लॅटिनमध्ये लोखंडाचे काम करणारा तो 'फाबेर' आणि लाकडाचे काम करणारा तोही 'फाबेर'च. भेद दाखवावयाचा तर आणखी एक विशेषण जोडावे लागे, आणि कारकुनास तेवढी फुरसत नेहमीच असे असे नाही. घोड्यांस नाल मारणाऱ्याला, म्हणजे आपल्याकडील नालबंदाला, 'फेरर' किंवा 'मार्शल' ही निराळी नावे होती. म्हणजे लोहारकाम करणारांची सर्व घराणी स्मिथ झाली नाहीत, आणि जे स्मिथ म्हणून नोंदले गेले ते सर्वच आजच्या अर्थाने लोहार होते असेही नाही. (धातुवाचक शब्दांच्या अर्थाची अशी सरकण आपल्यालाही अपरिचित नाही. संस्कृत 'लोह' हा शब्द प्रथम तांबूस धातूचा, म्हणजे तांब्याचा, वाचक होता. तो लोखंडापुरता पुढे मर्यादित झाला. 'लोहकार' या शब्दाचे 'लोहार' हे रूप सिद्ध झाले ते या नंतरच्या अर्थानेच.)

इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरागत होण्याची क्रिया स्थूलमानाने बाराव्या ते चौदाव्या शतकांत घडली. जमीनदारांत ती आधी झाली, सामान्यांत मागाहून. तोपर्यंत 'अमुक लोहार' हे केवळ ओळखीचे विशेषण होते आणि मुलाने दुसरा धंदा धरला तर त्याचे विशेषणही पालटे. 1377, 1379 आणि 1381 या तीन साली बसविलेल्या डोईपट्टीच्या याद्यांचे महत्त्व या संदर्भात फार आहे, कारण 1379 च्या याद्यांत पुष्कळ ठिकाणी नावाबरोबर धंदाही नोंदलेला असल्यामुळे दोहोंचा मेळ बसतो की नाही हे ताडून पाहता येते.

गावागणिक एक तरी लोहार असावयाचाच, आणि गावागणिक त्याला नाव पडले ते तेच. तेव्हा स्मिथ या आडनावाचा मूळपुरुष एक नसून ते असंख्य आहेत. त्यात मागाहून इतर भाषांतील नावांची भर पडली. आयर्लंड व स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत लोहाराच्या मुलाचे 'मॅकगोवन' या वळणाचे आडनाव होते. इंग्रजी राज्यकारभारात त्याचे कित्येकदा सरळ भाषांतर होऊन तेही स्मिथ झाले. अमेरिकेत गेलेल्या जर्मन श्मिट घराण्यांपैकी अनेकांनी तेच केले. 1865 साली गुलामगिरी नष्ट झाल्यावर मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांपैकीही अनेकांच्या वाट्यास हे आडनाव आले, आणि त्याचा त्यांच्या पूर्वजांच्या धंद्याशी संबंध असण्याचे कारण नव्हते. इतर कोणत्या आडनावाचे एवढे भाषांतर झाले असेल की नाही याची शंकाच आहे.

आता दप्तराकडे वळू. चर्चच्या प्रत्येक ग्रामविभागात, म्हणजे पॅरिशमध्ये, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी, असा हुकूम टॉमस क्रॉमवेल याने 1538 साली काढला. आरंभीच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी सुट्या कागदांवर होत्या. त्या चर्मपत्रावर उतरून ठेवण्याचे आणि त्यांची नक्कल दरसाल बिशपकडे धाडण्याचे बंधन 1598 साली आले. सतराव्या शतकाच्या मध्यावरील यादवीच्या काळात अनेक गावांच्या वह्यांत खंड पडलेला आहे. या जुन्या नोंदींत धंदा लिहिलेला सापडलाच तर ते नशीब समजावयाचे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा लिहिण्यासाठी छापील रकाना आला तो 1813 सालापासून. 1837 च्या जुलैपासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि विवाहाच्या दाखल्यात वधूवर दोघांच्याही बापांची नावे व धंदे येऊ लागले. लोहाराच्या शोधात असलेल्या संशोधकास याइतका उपयुक्त कागद दुसरा नाही. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलेली आहेत आणि जन्मगाव दिलेले नाही. ते 1851 पासून मिळते.

उमेदवारीच्या कागदांची गोष्ट मात्र थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे. 1563 च्या कायद्याने कारागिरास सात वर्षांची उमेदवारी सक्तीची झाली आणि हे बंधन 1814 पर्यंत टिकले. 1710 पासून उस्ताद जी रक्कम उमेदवाराकडून घेई तिच्यावर सरकारी कर बसला, आणि त्या कराच्या वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत उमेदवाराचे, उस्तादाचे आणि आरंभीच्या दशकांत उमेदवाराच्या बापाचेही नाव असते. येथे वंशावळ आयतीच हाती लागेल असे वाटते. परंतु बापाच्याच भात्यापाशी बसून काम शिकणाऱ्या मुलाकडून बाप रक्कम घेत नसे. रक्कम नाही म्हणून कर नाही, आणि कर नाही म्हणून नोंद नाही. ज्याचा शोध घ्यावयाचा तो बापाचा धंदा चालविणारा मुलगाच या वह्यांतून नेमका गळतो, आणि परक्याच्या भट्टीवर गेलेला मुलगा तेवढा दिसतो. ही उणीव काही अंशी मृत्युपत्रे भरून काढतात, कारण ऐरण, भाता आणि हत्यारे कोणास द्यावयाची हे त्यांत पुष्कळदा स्पष्ट लिहिलेले असते. त्यांवरून आणखी एक गोष्ट दिसते. लोहार वारल्यावर त्याची विधवा भट्टी चालवी. कधी ती हाताखालच्या कारागिराशी विवाह करी. भट्टी तीच, गाव तेच, मात्र घराणे दुसरे. पहिल्या नवऱ्याची मुले कधी सावत्र बापाच्या नावाने वाढत.

नाव आणि धंदा किती सहज विलग होतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण मायकेल फॅरडे याचे आहे. त्याचा बाप जेम्स हा लोहार. उत्तरेकडील वेस्टमोरलंडमधून तो लंडनजवळ आला आणि तेथे 1791 साली मायकेलचा जन्म झाला. आडनावावरून या घराण्याच्या धंद्याचा कोणास सुगावाही लागला नसता. स्वतः मायकेल 1805 साली एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर गेला. त्याच्यापुरती घणाची परंपरा तेथेच संपली, आणि त्यास अपत्य नसल्यामुळे त्याच्या शाखेची नावाचीही. शिवाय हे कुटुंब सँडेमनी नावाच्या छोट्या पंथाचे होते. अशा पृथक पंथीयांच्या नोंदी पॅरिशच्या वहीत न सापडता त्यांच्या स्वतःच्या वह्यांत शोधाव्या लागतात.

गुणसूत्राच्या साधनाचे तत्त्व सोपे आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जाते. इंग्लंडमध्ये आडनावही तसेच जाते. तेव्हा एका मूळपुरुषापासून आलेल्या सर्व पुरुषांत, मधल्या काळात झालेले किरकोळ पालट वजा जाता, वाय गुणसूत्र एकच असले पाहिजे. ब्रायन साइक्स याने 2000 साली स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांवर हे तत्त्व ताडून पाहिले, आणि जवळजवळ निम्म्या जणांत एकच प्रकार आढळला. पुढे लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी ही पाहणी विस्तृत केली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात 40 आडनावांच्या सुमारे 1,700 पुरुषांचा अभ्यास आहे. आडनाव जितके विरळ तितके वाय गुणसूत्राचे साम्य अधिक, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ॲटनबरो या विरळ आडनावात दहापैकी जवळजवळ नऊ पुरुष एकाच प्रकारचे निघाले. स्मिथ या आडनावात मात्र वाटेल ती दोन माणसे घेतली असता जेवढे साम्य मिळावे त्याहून अधिक काही मिळाले नाही. शब्दाच्या इतिहासावरून जे अनुमान निघत होते ते येथे रसायनाने पक्के केले, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणून लोहाराच्या वंशजास या तपासणीचा उपयोग आडनावाच्या आधारे होत नाही. दप्तरावरून दोन शाखा एका पुरुषाला मिळतात असे आधी दिसले पाहिजे. मग त्या शाखांतील दोन पुरुषांची तुलना करून ते खरे की खोटे हे ठरविता येते.

तुलना जुळली नाही तर? वरील पाहणीत नाव आणि रक्त यांची फारकत होण्याचे प्रमाण दर पिढीस सुमारे 1 ते 4.5 टक्के निघते. यास व्यभिचाराचा पुरावा समजण्याची घाई करणे हा उथळपणा होय. दत्तक, सावत्र बापाचे नाव, आईचे नाव, मालमत्तेसाठी बदललेले आडनाव ही सर्व कारणे त्यात मोडतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा 2012 साली लेस्टर येथे सापडला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातृवंशाची खूण जुळली. परंतु राजघराण्याच्या लेखी वंशावळीनुसार ज्यांचे वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळावयास हवे होते त्या पाच हयात पुरुषांपैकी एकाचेही जुळले नाही, आणि त्या पाचांतही एक इतर चौघांहून निराळा निघाला. ज्या वंशावळीवर राज्याचे वारसे ठरत त्या वंशावळीची ही स्थिती असेल, तर खेड्यातील लोहाराच्या वंशावळीकडून अधिक अपेक्षा कशी करावी?

इंग्लंडात लोहार कोणाशीही सोयरीक करू शके. जेथे धंदा हीच विवाहाची मर्यादा असते तेथे प्रश्नाचे स्वरूप बदलते, आणि त्यासाठी इथिओपियाकडे पाहावे लागते. त्या देशाच्या नैर्ऋत्येस आरी नावाचा समाज आहे. त्यातील लोहार व शेतकरी यांची भाषा एक, पण लोहार हीन गणले जातात आणि शेतकरी त्यांच्याशी विवाहसंबंध करीत नाहीत. लोहार हे मूळचेच परके, पूर्वीच्या रहिवाशांचे अवशेष होत, असे एक मत होते. ते त्याच समाजातून बाजूस सारले गेलेले लोक आहेत, असे दुसरे. 2012 सालच्या एका जनुकीय अभ्यासात दोन्ही गट स्पष्टपणे निराळे दिसले आणि पहिल्या मतास बळकटी आल्यासारखे झाले. परंतु 2015 साली लूसी व्हॅन डॉर्प व तिच्या सहकाऱ्यांनी त्याच प्रश्नाची अधिक बारकाईने छाननी केली, तेव्हा दोहोंचे पूर्वज एकच असून ते गेल्या 4,500 वर्षांच्या आत विलग झाले असावेत असे निष्पन्न झाले. लोहारांचे विवाहवर्तुळ लहान राहिल्यामुळे त्यांच्या रक्तात जो एकसारखेपणा आला तोच परकेपणासारखा भासत होता. म्हणजे येथे बहिष्काराने वंशभेद उत्पन्न केला. वंशभेदामुळे बहिष्कार आला असे नव्हे.

या निष्कर्षाचे महत्त्व महाराष्ट्रातील अभ्यासकास सांगावयास नको. बारा बलुतेदारांत लोहाराचे स्थान वरच्या ओळीतले. फाळ, विळे, कुऱ्हाडी आणि गाडीच्या चाकाची धाव यांवाचून गावगाडा चालत नसे. त्याच्या घराण्याची नोंद पॅरिशच्या वहीसारखी जन्ममृत्यूच्या क्रमाने मिळत नाही. ती वतनाच्या तंट्यात मिळते. महजर आणि निवाडपत्रे यांच्या अखेरीस पाटलाचा नांगर असतो, तशी लोहाराची सांडस किंवा हातोडा निशाणी म्हणून काढलेला असतो. वाद उत्पन्न झाला म्हणून वंशावळ लिहिली गेली. ज्या घरात भाऊ भांडले नाहीत ते घर दप्तरात मुकेच राहिले. हिंदुस्थानातील जनगणनांतून घरोघरची माणसे नावानिशी शोधता येत नाहीत, कारण संशोधकांच्या हाती आले ते कोष्टकांचे आकडेच. म्हणून नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्राच्या सीमेवर फिरणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी यांचे मोल अधिक.

वतनाची वंशावळ दत्तक पुत्रास औरसाइतकाच पूर्ण मुलगा मानते, आणि तिच्या दृष्टीने ते यथायोग्यच आहे. तेथे वाय गुणसूत्र जुळले नाही म्हणून महजर खोटा ठरत नाही. उलट, जातीतल्या जातीत शेकडो वर्षे विवाह होत आल्यामुळे तपासणीत जुळलेली माणसे आहेत त्याहून जवळची आप्त भासतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातील एका पाहणीत 260 हून अधिक समाजांपैकी 81 समाजांत थोड्या मूळ कुटुंबांपासून वाढ झाल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आढळली. अशा समाजात दोन लोहार कुटुंबांच्या डीएनएतील सामाईक भाग पाहून यंत्राने 'तिसऱ्या पिढीचे चुलत' असा निर्वाळा दिला, तरी तो एकाच पूर्वजामुळे आला की दहा निरनिराळ्या वाटांनी थोडा थोडा आला हे यंत्रास सांगता येत नाही. त्या दोन कुटुंबांची गावे, आणि आजे-पणजे यांची नावे तीर्थोपाध्यायाच्या वहीतून काढून एकापुढे एक मांडावी लागतात.