पैसे मोजणाऱ्या बायका : मिकिओ नारुसेंच्या सिनेमाकडे जाताना

जपानी सिनेमाशी आपली गाठ बहुधा कुरोसावांमुळे पडते. पुढे कुणी ओझूंपर्यंत जातं, कुणी मिझोगुचींपर्यंत. मिकिओ नारुसे (१९०५–१९६९) भेटलेच तर सगळ्यांच्या शेवटी. शोचिकू स्टुडिओच्या प्रमुखांना दुसरा ओझू नको होता, असं सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, नारुसे स्टुडिओ सोडून गेले आणि तुलना मात्र कायमची मागे लागली.

मला ती फसवी वाटते. ओझूंच्या घरात मुलीच्या लग्नाची काळजी असते, नारुसेंच्या घरात भाड्याची. ‘बांगिकु’ (१९५४) पाहा. एकेकाळची गेइशा किन आता सावकारी करते आणि जुन्या मैत्रिणींच्या दारात वसुलीला उभी राहते. कधीकाळचा प्रियकर भेटायला येणार म्हणून ती नटूनथटून बसते. तो येतो, दारू घेतो आणि हळूच उसने पैसे मागतो. किन आरडाओरडा करत नाही. जपून ठेवलेला त्याचा फोटो ती जाळून टाकते, बस्स. नारुसेंकडे प्रेम संपतं ते असं, व्यवहाराच्या बोलण्यात. त्यांच्या १९६०च्या एका चित्रपटात अभिनेत्री हिदेको ताकामिने गिन्झातल्या बारचा जिना रोज नाइलाजाने चढते. वरच्या गिऱ्हाइकांइतकाच तिला घरून पैसे मागणाऱ्या भावाचा ताप.

शैली शोधायला गेलात तर आधी काहीच हाती लागणार नाही. कॅमेरा मिरवत नाही. दोघं गल्लीतून चालत असतात, एक थांबतो, दुसरी वळून पाहते, आणि तेवढ्यात नात्याचं पारडं फिरलेलं असतं. या नजरा कुठे कापल्या आहेत ते टिपायला चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा लागतो. नव्या अभ्यासकाने तेवढी सवड काढावीच.

साधनांची अडचण आहे. २४ मूकपटांपैकी पाचच उरले आहेत, त्यामुळे सुरुवातीच्या काळाबद्दल जपूनच बोलावं. करण्याजोगं काम मात्र भरपूर आहे. फुमिको हायाशींच्या लेखनावर नारुसेंनी सहा चित्रपट केले. त्यांतल्या ‘मेशि’ आणि ‘बांगिकु’च्या पटकथांत सुमिए तानाकांचा हात आहे, ‘उकिगुमो’ (१९५५) योको मिझुकींनी लिहिला. तेव्हा ज्याला आपण सरसकट ‘नारुसेंची स्त्री’ म्हणतो, तिच्यात या तिघींचा वाटा किती? या प्रश्नापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही.