केटरपी आणि लिंबोणीवरची अळी

लिंबोणीच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर एक हिरवीगार, गुबगुबीत अळी असते. (आपल्याकडे नुसते ‘लिंब’ म्हटले की कडुलिंब समजतात, म्हणून लिंबोणी.) तिला काडीने हलकेच डिवचले की डोक्यामागून लालसर, दुटोकी शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. शत्रूला पळवून लावण्याचा हा तिचा उपाय. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही शोधल्यास ही अळी सापडेल. मात्र शाळेतल्या मुलांना तिच्यापेक्षा तिचे सोंगच अधिक ओळखीचे असण्याचा संभव आहे. हिरवे अंग, डोक्यावर लाल दुटोकी शिंग, त्यातून सुटणारी दुर्गंधी : ‘पोकेमॉन’ मालिकेतील हा केटरपी.

हे साम्य आले कोठून? पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. त्यांचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा येथे गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाळी घेऊन भुंगेरे, चतुर पकडायचे, ही जपानी मुलांची जुनी रीत. ताजिरींना तर किड्यांचे इतके वेड, की सवंगडी त्यांना ‘किडे-डॉक्टर’ म्हणत. पुढे माचिदातली तळी, शेते बुजली. त्यांवर घरे नि रस्ते आले आणि किडेही गेले. मोठेपणी गेम बॉय ही खेळाची दोन यंत्रे तारेने जोडलेली पाहून, या तारेवरून किडा इकडून तिकडे गेला तर, अशी कल्पना त्यांना सुचली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी खेळ बाजारात आला, तो ‘लाल’ आणि ‘हिरवा’ अशा दोन आवृत्त्यांत. मेख अशी, की एकाच आवृत्तीत सगळे प्राणी मिळत नाहीत. संग्रह पुरा करायचा तर मित्राशी अदलाबदल करावीच लागते. मैत्री अशी खेळाच्या नियमातच गुंफलेली आहे. १ एप्रिल १९९७ पासून त्यावरची कार्टून मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. आपण ज्याला अ‍ॅश म्हणतो, त्या नायकाचे जपानी नाव सातोशी हेच आहे!

भारतात ही मालिका २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन (१ मे १९९९) तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

शिक्षकांनी येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. केटरपीचा मेटापॉड हा कोश होतो आणि कोशातून बटरफ्री हे फुलपाखरू निघते. मालिका याला ‘इव्हॉल्व्ह’ होणे म्हणते, म्हणजे उत्क्रांती. हे साफ चूक आहे. एकाच जिवाच्या आयुष्यात घडते ते रूपांतरण. उत्क्रांती होते ती अनेक पिढ्यांमधून, समूहाची. दहावीपर्यंत टिकणारा हा गोंधळ केटरपीचेच उदाहरण घेऊन दूर करता येतो.

ब्रिटनमध्ये अँड्र्यू बामफर्ड व सहकाऱ्यांनी १०९ प्राथमिक विद्यार्थ्यांना चित्रे दाखवली. आठ वर्षांची मुले सुमारे ७८ टक्के पोकेमॉन ओळखत होती, परिसरातील सजीव मात्र ५३ टक्केच. ‘सायन्स’मध्ये २००२ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा बऱ्याच जणांनी मालिकेला दोष दिला. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते : मुलांची नावे लक्षात ठेवण्याची ताकद अफाट आहे. आपल्या वर्गात लिंबोणीवरची अळी, चतुर, भुंगेरा यांची चित्रे पोकेमॉनच्या चित्रांत मिसळून हीच चाचणी घेता येईल.

मालिकेत अ‍ॅश स्वतः पकडतो तो पहिला प्राणी केटरपी. त्याचे बटरफ्री झाल्यावर पुढे तो त्याला आपल्या थव्याबरोबर जाऊ देतो. वर्गातही तसेच करावे. तोंडाला जाळीचे कापड बांधलेल्या बरणीत अळी ठेवावी, रोज ताजी पाने द्यावीत, विष्ठा काढावी. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, हिरवा रंग शेवटच्या कातीनंतर येतो. एका बरणीत हिरवी फांदी ठेवावी आणि दुसरीत वाळकी काडी. कोश कोठे हिरवा होतो आणि कोठे तपकिरी, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगावा.