फार्मिंग्टन चर्च

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कनेक्टिकट राज्यात, फार्मिंग्टन या लहान गावी असलेले काँग्रिगेशनल पंथाचे ऐतिहासिक प्रार्थनामंदिर. बिशपची सत्ता न मानता प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त समजणाऱ्या या पंथाची येथील मंडळी १६५२ मध्ये स्थापन झाली. विद्यमान वास्तू तिसरी असून ती जूडा वुड्रफ या स्थानिक कारागिराने १७७१-७२ मध्ये बांधली.

वास्तूचा सांगाडा लाकडी असून बाहेरून फळ्यांचे आच्छादन आहे. उंच निमुळता मनोरा आखूड बाजूस, तर मुख्य प्रवेश लांब बाजूस आहे. वसाहतकालीन सभागृहांच्या या रचनेत वेदीऐवजी प्रवचनाच्या व्यासपीठास प्राधान्य असे. प्रवेशापुढील ग्रीक धर्तीचा स्तंभयुक्त द्वारमंडप १८३४ मध्ये जोडण्यात आला.

येथील धर्मोपदेशक नोआ पोर्टर यांच्या घरी ५ सप्टेंबर १८१० रोजी ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनसंस्थेची पहिली सभा भरली. याच संस्थेच्या मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला.

‘अमिस्ताद’ जहाजावर गुलाम म्हणून नेले जात असता १८३९ मध्ये बंड करणाऱ्या मेंडे आफ्रिकनांना सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च १८४१ रोजी मुक्त केले. मात्र त्यांना मायदेशी पोहोचविण्याची जबाबदारी शासनावर टाकली नाही. तेव्हा गुलामगिरीविरोधी ग्रामस्थांनी त्यांना आश्रय व शिक्षण दिले. ते या चर्चमध्ये उपासनेस येत. लोकवर्गणीतून नोव्हेंबर १८४१ मध्ये हयात असलेले ३५ जण सिएरा लिओनकडे निघाले. १९७५ मध्ये या वास्तूस राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.