नाव एक, व्याधी दोन

अर्धांगवायू झालेल्या माणसाविषयी ‘त्याच्या अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची मराठीत रूढी आहे. या शब्दप्रयोगामागे आयुर्वेदाची परंपरा उभी आहे. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांनी हा विकार वातव्याधींत गणला. पक्षवध आणि पक्षाघात ही नावे तिथलीच. ग्रीक वैद्यांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ आघाताने कोसळणे असा होता. नावे भिन्न, निरीक्षण एकच : धडधाकट माणूस क्षणार्धात लुळा पडतो. का पडतो, हे मात्र शतकानुशतके गूढच राहिले.

त्या गूढावर पहिला स्वच्छ प्रकाश स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर या वैद्याने टाकला. अशा आघाताने मेलेल्यांची शवे त्याने तपासली, तेव्हा मेंदूत रक्तस्राव झालेला आढळला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबल्यानेही असाच परिणाम होऊ शकेल, हेही त्याने ओळखले. १६५८ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका नावाखाली दोन व्याधी नांदत आहेत, हे त्यामुळे दिसू लागले. एकीत गुठळीने वाहिनी बंद होऊन मेंदूचा भाग उपाशी राहतो. दुसरीत वाहिनी फुटून रक्त मेंदूत साचते.

हे ज्ञान रोग्याच्या मात्र फारसे उपयोगी पडेना. दोन्हींत तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, वाचा अडखळते. उपचार मात्र परस्परविरोधी! गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावाच्या रोग्याला दिले, तर ते प्राणावरच बेतावयाचे. जिवंत माणसाच्या कवटीत डोकावणार कसे?

हा पेच १९७१ साली सुटू लागला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सिद्ध केलेल्या सीटी स्कॅन यंत्राने त्या वर्षी लंडनमध्ये प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. साचलेले रक्त या चित्रात पांढरे उमटते. १९७९ साली हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

निदान झाले, आणि मग उपचाराला वाट सापडली. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास पंगुत्व टळू शकते, हे १९९५ साली सिद्ध झाले; २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली मोठ्या वाहिनीतील गुठळी बारीक नळीवाटे ओढून काढण्याची पद्धतही प्रमाण ठरली. रक्तस्रावात रक्तदाब आवरणे आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करणे, हा मार्ग राहिला.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर डॉ. प्रफुल्ल दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका विभागात पाहणी केली. पंचविशी ओलांडलेल्या दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना प्रथमच हा आघात होतो, असे तीत दिसले. त्यांतील पाचांपैकी सुमारे चौघांचा विकार गुठळीचा होता. म्हणजे वेळेवर पोहोचल्यास ज्यांच्यासाठी औषधाचा विचार होऊ शकतो, असेच रोगी बहुसंख्य.

परंतु पोहोचणार कसे? म्हैसूर जिल्ह्यातील कावेरीकाठचे कृष्णराजनगर घ्या. नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या नावाचे हे गाव म्हैसूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. बंगळूरला १९२४ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय १९३० साली म्हैसूरला आले. अंतर तासाभराचे, पण सकाळी लुळा पडलेला हात संध्याकाळपर्यंत सुधारेल म्हणून वाट पाहिली, तर तेच अंतर अपार होते. वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

म्हणून तोंड, हात किंवा वाचा यांत एकाएकी बिघाड दिसताच, तो किती वाजता सुरू झाला हे ध्यानात ठेवून रोग्याला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, तेव्हा पाणी वा गोळी देऊ नये. लक्षणे आपोआप ओसरली, तरी ती पुढील आघाताची सूचना समजावी. वेप्फरला जे मृत्यूनंतर दिसले, ते आज मृत्यूपूर्वी दिसते. त्या दिसण्याचा उपयोग होणे आता घरच्यांच्या तत्परतेवर अवलंबून आहे.