लांब फळीचे दुसरे टोक

मंडळी, सुताराच्या कामावर तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असाल. बारा फुटी फळी रंधायंत्रातून निघते आहे. एका टोकाला सुतार, आणि दुसरे टोक धरायला एखादा पोरगा. त्याचा हात जरा खाली आला की सुतार ओरडतो, ‘अरे, नीट धर!’ हे दुसरे टोक सांभाळायचे कसे, हा प्रश्न फार जुना आहे.

यंत्रे नव्हती तेव्हा युरोपात ओंडका चिरण्यासाठी माणूसभर खोल खड्डा खणीत. खड्ड्यावर आडव्या दांड्या, दांड्यांवर ओंडका. एकजण ओंडक्यावर उभा राहून सुताच्या रेघेवर करवत सांभाळी; दुसरा खड्ड्यात, डोळ्यांत भुसा घेत, ती खाली ओढी. करवत दांडीपाशी आली की दांडी सरकवायची. ओंडका जागचा हलत नसे. हलत ती माणसे.

मग १५९३ साली हॉलंडच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याला एक पेटंट मिळाले. पवनचक्कीचे गरगर फिरणे त्याने वाकड्या आसाने करवतीच्या वर-खाली जाण्यात बदलले. अशा गिरण्यांत ओंडका एका लांब घसरगाडीवर बांधीत. करवतीचा एकेक हेलकावा झाला की दातेरी चाक ती गाडी थोडी पुढे ओढी. म्हणजे आता करवत जागेवर आणि लाकूड चालते झाले. पण त्याला शेवटपर्यंत सरळ आधार होता. झान नदीकाठी अशा गिरण्यांनी जहाजांच्या फळ्या कापल्या.

पुढे अमेरिकेत विल्यम वुडवर्थने १८२८ साली फिरत्या पात्यांच्या रंधायंत्राचे पेटंट घेतले. त्यात रूळ होते. कालांतराने अशी यंत्रे लहान होऊन छोट्या कारखान्यांत आली. यंत्र आले, पण जागेअभावी ती लांब गाडी मागेच राहिली. म्हणून तर पोरगा उभा करावा लागतो!

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करावा. लांब पट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढावी. बाहेरचा भाग दुप्पट केला, तर स्वतःच्याच वजनाने ती दुप्पट नव्हे, सोळा पट वाकते. निम्म्याहून अधिक बाहेर गेली की उलटते. फळीचेही तेच. पुढचे टोक खाली गेले की मागचे उचलते, पाते तिथे खोल लागते आणि टोकाशी खळगा पडतो. गोल करवतीवर तर फळी पात्याला आवळते आणि उलटी फेकली जाते. तिथे लाकडाचे नव्हे, बोटांचे मोल द्यावे लागते.

उपाय सोपा आहे. यंत्राच्या पुढे-मागे दोन घोड्या ठेवा. दोरी ताणून त्यांची उंची यंत्राच्या टेबलाशी जुळवा. बाहेर पडणाऱ्या बाजूची घोडी केसभर खाली ठेवा, म्हणजे फळी तिच्यावर आदळणार नाही. घोडीवर रूळ असेल, तर तो फळीच्या वाटेला काटकोनात हवा. नाहीतर फळी तिरकी पळते. माणूस धरायला असलाच, तर त्याने वजन तेवढे तोलावे, फळी ओढू नये.

दोन घोड्या काही महाग नाहीत. मग त्या पोराला शाळेत जाऊ द्या.