गोदावरीची वाट आणि आगबोटींचे बॉयलर

सास्तूर म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आठवतो. येथे मात्र सास्तूरच्या पाण्याचा माग काढायचा आहे. शिवारातले पाणी तेरणेत जाते, तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला. पुढे सिरोंच्यापाशी प्राणहिता येऊन मिळते. नकाशावर ही वाट गिरवली की एखादा विद्यार्थी विचारतोच : मग बोटीने थेट समुद्रापर्यंत जाता येईल का?

हा प्रश्न सर आर्थर कॉटन यांनी गंभीरपणे घेतला होता. धवलेश्वरमचा त्यांचा बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस आगबोटींनी प्राणहिता-गोदावरीतून किनाऱ्यावर न्यावा, अशी त्यांची योजना. पण दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथे पात्रात आडवे खडक पसरलेले आहेत. तेथे बंधारे व बगलेचे कालवे काढून वाट करण्याचे काम सुरू झाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आले.

रेल्वेने योजना मारली असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते ते अर्धेच उत्तर झाले. ही नदी काही महिनेच भरलेली असते आणि भरते तेव्हाच सर्वांत धोक्याची असते. उथळ पाण्यासाठी बोट हलकी हवी, पुराच्या ओढीविरुद्ध चढायला एंजिन जोरकस हवे. दोन्ही साधायचे तर लहान, हलके, पण जास्त दाबाचे बॉयलर वापरावे लागते.

अमेरिकेत ओहायो व मिसिसिपी नद्यांवर हेच केले गेले. तेथे बुडालेल्या झाडांचे ओंडके बोटींचे तळ फाडत. त्याहून भयंकर बॉयलरचे स्फोट. २५ एप्रिल १८३८ रोजी सिनसिनाटीचा धक्का सोडता सोडता ‘मोझेल’ बोट फुटली आणि शंभराहून अधिक माणसे गेली.

धक्का सोडतानाच का? बॉयलरला पाणी पुरवणारा पंप बहुधा मुख्य एंजिनावरच चाले. बोट थांबली की पंप थांबे, आग मात्र धगधगत राही. पाण्याची पातळी उतरून पत्रा लाल होई. त्यात नदीचे गढूळ पाणी. तळाशी गाळाचा थर बसला की पत्रा आणखी तापे. सुरक्षा झडपेवर जादा वजन ठेवणारे महाभागही होतेच.

त्या काळी अनेकांची समजूत होती, की तापल्या लोखंडावर पाण्यापासून हायड्रोजन तयार होतो व तो पेटतो. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने सरकारी पैशातून प्रयोग केले. बॉयलरला काचेच्या खिडक्या बसवून आत काय होते ते पाहिले आणि १८३६ मध्ये ही समजूत खोडून काढली. आज प्रेशर कुकरवरून हे वर्गात समजावता येईल. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहते. पत्रा फाटला की दाब उतरतो, त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि हवेच्या दाबाला वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते.

१८३८ चा कायदा लेचापेचा ठरला. १८५२ च्या कायद्याने बॉयलरची चाचणी आणि एंजिन चालवणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. तरीही २७ एप्रिल १८६५ रोजी मिसिसिपीच्या पुरात ‘सुलताना’ फुटली. ३७६ उतारूंच्या बोटीवर दोन हजारांवर माणसे होती, फुटका बॉयलर ठिगळ लावून चालवला होता. अकराशेहून अधिक माणसे मेली.

गोदावरीवर वाफेचा काळ केव्हाच संपला. पण १५ सप्टेंबर २०१९ रोजी, पूर चढलेला असताना, पापीकोंडालूकडे निघालेली पर्यटकांची बोट कच्चुलुरूजवळ उलटली. सत्तराहून अधिक लोकांपैकी ५० च्या आसपास बुडाले. बोट पाण्याबाहेर काढेपर्यंत ऑक्टोबरचा चौथा आठवडा उजाडला.